यादीत न आलेली जागा

मोनाली : परत कोरं पान. बघा ना, बाबा. वर मथळा आलाय, ‘मुरब्याच्या दर्यातल्या जागा आणि त्यांची नावं’, आणि खाली नुसतं पांढरं.

भगवंत : पांढरं कसं? तोंड दुखेस्तोवर नावं सांगितली मी तुला. होडीची तांडेलकी करून दर्यावर जेवढा बोललो नसन तेवढा या खाटेवर बसून बोललो.

मोनाली : नावं आहेत. वेगळ्या फाईलीत सगळी नीट घातलीत, प्रत्येकीपुढे तिचा अर्थही लिहिलाय. पण यादी बांधायची आज्ञा दिली की तो म्हणतो, बांधण्यासारखं काही सापडलं नाही.

भगवंत : तो कोन?

मोनाली : प्रोग्राम. या काळ्या खिडकीत मी त्याचं नाव टाइप करते. मग तो अख्खं पुस्तक चाळतो, शब्द गोळा करतो, क्रमाने लावतो आणि प्रत्येकापुढे पान लिहितो. बोईसरला मी रोज हेच करते. कारखान्यांच्या मशिनींची पुस्तकं मांडायची, मागे शब्दांची यादी जोडायची. तिथे तो मला कधी असा तोंडघशी पाडत नाही.

भगवंत : मशिनीच्या तेलाला सोकावलाय तो. मासळीचा वास आला नि नाक धरून बसला.

मोनाली : चेष्टा नको, बाबा. आजचा शेवटचा दिवस आहे. संध्याकाळी ऑफिस बंद व्हायच्या आत आपली ही हरकत कोळगावच्या जिल्हा कचेरीत पोचली नाही, तर नवं बंदर बांधणाऱ्यांचाच नकाशा खरा धरतील. त्यात आपल्या दर्यावर काय लिहिलंय, आठवतंय ना?

भगवंत : ‘रिकामं पानी.’ मासेमारीचा वापर नाय. माझा आजा, माझा बाप, मी, सगळे राबलो ते रिकाम्या पान्यात.

साखरबाई : अगो मोना, पंखा बंद झाला. लाईट गेली काय?

मोनाली : अरे देवा. गेली. आई, आता गं काय? या लॅपटॉपची बॅटरी जुनी आहे, किती टिकेल सांगता येत नाही.

साखरबाई : मग घाई कर. माशीगत हात चोळत बसू नको. गोबऱ्याचं कालवण टाकलंय, तुमा दोघांपुरतं. मला कालची भाजी हाय.

मोनाली : आत्ता जेवण नको, आई.

साखरबाई : नको कसं? तुझे बाबा दर्यातल्या कानखडीवरनं एवढा मोठा गोबरा मासा घेऊन आलेत काल. कानखडीचाच ना ओ?

भगवंत : कानखडीचाच. तुला काय करायचंय? तू तर खात नायस.

साखरबाई : खात नाय, पन कापते तर मीच.

मोनाली : थांबा. थांबा जरा. कळलं मला. मीच मूर्ख. बाबा, या प्रोग्रामची एक खोड आहे, ती विसरले मी. नाव नुसतं फाईलीत लिहून ठेवलं की तो ते उचलत नाही. मजकुरात कुठेतरी ते नाव वापरलेलं लागतं. आणि वकील कुशलदादांनी हरकतीचा मजकूर लिहून दिला त्यात सगळीकडे ‘सदर जागा’, ‘सदर जागा’ केलंय. एकाही जागेचं नाव नाही.

भगवंत : म्हंजे होडीवर चढला त्यालाच वाटा. किनाऱ्यावर नुसता हजर असून चालत नाय.

मोनाली : अगदी तेच. आता मला प्रत्येक जागेचं एकेक वाक्य द्या. कोण जातं, कधी जातं, काय धरतं. मी मजकुरात घालते, मग तो उचलेल. भराभर सांगा.

भगवंत : सातवाव. हात पसरून दोरी मोजली की सात वाव पानी. दसरा झाला की तिथं खुंट ठोकून डोल लावतो, बोंबलासाठी. आमी आन जिवल्या.

मोनाली : ‘...सातवाव इथे डोल जाळं लावतात.’ झालं. पुढे.

भगवंत : तुंबा. थंडीत मांदेली. लहान होड्यांची जागा ती. विधवा बायांची पोरं जातात तिथं, मोठे तांडेल त्यांच्यासाठी सोडून देतात. तेबी लिव.

मोनाली : लिहिलं. कानखडी?

भगवंत : तिथं मशीन बंद करायची. वल्हं पान्यात सोडायचं नि त्याच्या दांड्याला कान लावायचा. घोळीचा थवा खाली असेल तर बोलताना ऐकू येतो, बेडकासारखा. ऐकलं तरच जाळं सोडायचं. माझ्या बापानं शिकवलं मला. मी...

मोनाली : तुम्ही?

भगवंत : काय नाय. मीबी शिकवलं होतं. पुढं चल. मोठी खडप, तिथं शेवंडी.

मोनाली : झाली. आता आज्ञा देते. आधी पुस्तक मांडायचं, मग यादी बांधायची, मग पुन्हा मांडायचं. देवा, एवढी बॅटरी टिकू दे.

साखरबाई : तिकडं कोळगावला माझीबी सही लागनार काय गो, बाय?

मोनाली : तुझी इथेच घेणार आहे. मासे विकणाऱ्या बायकांच्या वतीने तू आहेस. आली! बाबा, यादी आली. कानखडी, पान दोन. तुंबा, पान दोन. मोठी खडप, पान तीन. सातवाव, पान एक. हे बघा, पानांसकट.

भगवंत : बरं झालं बाई. चल मग, बोईसरला जाऊन छापून घेऊ नि तसंच कोळगाव गाठू. साखर, माझा सदरा दे धुतलेला.

मोनाली : एक नाही आली.

भगवंत : कुठली?

मोनाली : तुम्हाला माहीत आहे कुठली.

(चुलीवरचं झाकण खडखडतं.)

भगवंत : नसू दे.

मोनाली : कशी नसू दे?

भगवंत : एक जागा नसली तर दर्या आटत नाय. बाकी आल्या ना? चल.

मोनाली : बाबा, हा नकाशा बघा. बंदराची भिंत कुठून काढलीय? कानखडी या बाजूला राहिली, सातवाव त्या बाजूला. भिंत बरोबर मधून जाते. आणि मधे एकच जागा आहे आपली. तीच. ती सोडून बाकी सगळं लिहून दिलं तर आपण सांगतोय काय? इकडे जातो, तिकडे जातो, मधे कोणी जात नाही. त्यांचंच म्हणणं आपण सह्या करून त्यांच्या हातात ठेवतोय. 

भगवंत : तुझ्या त्या प्रोग्रामाला दुसरी काय आज्ञा नाय? वाक्याबिगर नाव उचलेल अशी?

मोनाली : आहे. एका आज्ञेत सगळी नावं येतात, मजकुरात असोत नसोत. पण मग तिच्यापुढे पान येणार नाही. बाकी सगळ्यांपुढे आकडा आणि तिच्यापुढे मोकळं.

भगवंत : राहू दे मोकळं. कोन बघतंय?

मोनाली : विचारते. हॅलो, कुशलदादा? हो, होतच आलंय. एक विचारायचं होतं, एका नावापुढे पान नसलं तर चालेल? हो, तीच जागा. नाही, बाबा तयार नाहीत. हं. हं. कळलं. ठेवते. 

भगवंत : काय म्हणतो वकील?

मोनाली : म्हणतात, समोरचा वकील सगळी यादी सोडून तेवढ्याच ओळीवर बोट ठेवेल. नाव आहे, मग वापर कुठे आहे, म्हणेल. नुसतं नाव देण्यापेक्षा न दिलेलं बरं, म्हणतात.

भगवंत : मग नको देऊ.

मोनाली : बाबा!

भगवंत : ओरडू नको. मी काय तुझा वैरी हाय? जिवल्याकडनं घे वाक्य. त्याला काय ती जागा ठाऊक नाय?

मोनाली : गेले होते मी. जिवल्याकाकांनी मान खाली घातली. म्हणाले, भगवंताचं पोर तिथं राहिलं, भगवंताच्या आधी मी त्या जागेचं नाव घेणार नाही. अख्ख्या गावात कोणी घेत नाही, बाबा. ‘तिकडं’ म्हणतात. लहान पोरंसुद्धा ‘तिकडं’च म्हणतात, त्यांना नावच ठाऊक नाही. सर्वे करणारे येऊन गेले, त्यांनी विचारलं असेल, मधे काय आहे? कोणी सांगितलं असेल त्यांना? तुमच्यासाठी सगळ्या गावानं तोंड शिवलं आणि त्यांनी कागदावर रिकामं लिहिलं.

भगवंत : म्हंजे दोष माझा.

मोनाली : तसं नाही म्हणत मी.

भगवंत : तसंच म्हणतेस. म्हन. धीरज गेला तवाबी लोकं तोंडावर नाय बोलली, पाठीमागं बोललीच. बापाच्या डोळ्यांदेखत जाळं खडकात अडकलं, पोर सोडवायला उतरलं, पानी फिरलं नि बाप होडीत उभा राहिला. दोरी हातात होती माझ्या. रिकामी आली ती वर. आता तू मला सांगतेस, त्याचं वाक्य कर, आन त्याच्यापुढं पानाचा आकडा टाक.

मोनाली : मग काय करू मी? सांगा ना. त्या जागेचं नाव मला दादानंच सांगितलं होतं. या ओट्यावर बसून. ‘मोने, ती कुठल्याच ओहोटीला डोकं वर काढत नाय, म्हणून तिला...’ त्याचेच शब्द फाईलीत अर्थ म्हणून घातलेत मी. ते तिथे पडून राहणार. कोणी वाचणार नाही. वर दगड टाकून भिंत बांधतील त्या जागेवर. त्याच्यावर. मला नाही सहन होत ते, बाबा. माझाही भाऊ होता तो.

भगवंत : रडू नको. तुझी बॅटरी जाईल.

मोनाली : जाऊ दे.

भगवंत : ऐक. मी समज तोंड उघडलं. पन लिवनार काय? वापर लिवायचा ना? कोन जातो, कधी जातो. आता कोन जातंय तिथं? कोनच नाय. मी तुझ्या आईला शब्द दिला होता, त्या जागेवर जाळं टाकनार नाय. तेराव्याला, सगळ्यांसमोर. आता कोळगावच्या कागदावर काय खोटं लिवू? 

मोनाली : खरंच कोणी जात नाही?

भगवंत : सांगितलं ना.

साखरबाई : लिव, मोना. मी सांगते.

भगवंत : तू आत जा. तुला काय ठाऊक दर्यातलं?

साखरबाई : दर्यातलं मला काय ठाऊक नाय. टोपलीतलं ठाऊक हाय. बोईसरच्या बाजारात केस पिकले माझे. लिव गो, त्या जागेवर आजबी मासेमारी होते. गोबरा येतो तिथला. चांगला येतो.

भगवंत : साखर.

साखरबाई : कानखडीचा गोबरा फिका असतो, ठिपके लांब लांब. त्या जागेचा तांबूस, नि ठिपके एकाला एक चिकटून. पोट चिरलं की आत काळ्या खेकड्याची कवचं. कानखडीला काळा खेकडा नायच. काल तुमी आणलात त्याच्या पोटात काय होतं, दाखवू? ठेवलंय कचऱ्याच्या डब्यात.

भगवंत : ...कधीपासून ठाऊक हाय तुला?

साखरबाई : पहिल्या माशापासून. त्या वर्साला दिवाळीत आणलात तो.

मोनाली : आई, म्हणून तू गोबरा खात नाहीस? मला वाटायचं, दादाला आवडायचा म्हणून सोडलास.

साखरबाई : तेबी होतंच. पन घशाखाली जायचा नाय. जिथं तो गेला तिथलं खायचं कसं? तुमाला वाढायची, उरला तो विकायची. बोईसरच्या बाया म्हनायच्या, मावशी, तुझा गोबरा लई गोड. मी पैसे कमरेला लावून गप बसायची.

भगवंत : जाळं नाय टाकलं मी, साखर. तुझी शप्पथ. गळच सोडला फक्त. एकटा असलो की. खलाशांना किनाऱ्याला उतरवून जायचो.

साखरबाई : म्हंजे शब्द पाळलात म्हनायचा.

भगवंत : कसा का होईना.

साखरबाई : मासा दुसरीकडंबी मिळतो. मग तिथंच का?

भगवंत : काय सांगू? मशीन बंद करतो. काळदुर्गाचा डोंगर शिरगावच्या किल्ल्यामागं गेला की समजायचं, आपन बरोबर त्या जागेवर हाय. गळ सोडतो नि बसतो. घरी बसलो की वाटतं, पोराला एकटं टाकून आलोय. तिथं गेलो की तसं नाय वाटत. मग मासा लागतो. लागला तर काय सोडून देऊ? सोडलाबी दोन-चार वेळा. मग म्हटलं, त्याच्याच हातचा समजून घेऊन जावं घरी. तुला कसं सांगणार होतो हे? तू मला घरात घेतलं नसतंस.

साखरबाई : सांगाल, सांगाल म्हनून वाट बघितली मी. मग वाटलं, या मानसाला तिथं गेल्याबिगर ऱ्हावत नाय. मी तोंड उघडलं तर जायचा बंद होईल. मग पोराजवळ कोन जानार? मी तर होडीत बसत नाय. म्हनून गप राहिले. एक तरी जातंय ना आपल्यातलं, म्हटलं.

मोनाली : तुम्ही दोघं पण ना.

साखरबाई : आता ते दगड टाकनार तिथं. मग तुमी कुठं मशीन बंद करनार ओ? भिंतीवर? बोला. पोरीची बॅटरी चालली.

भगवंत : लिव, बाय.

मोनाली : सांगा.

भगवंत : आंधळी.

मोनाली : हो.

भगवंत : आंधळी ही पान्याखालची खडप. कुठल्याच ओहोटीला वर येत नाय. काळदुर्ग शिरगावच्या किल्ल्यामागं गेला, नि डाव्या हाताला तारापूरची चिमणी सुटी दिसली, की ती खाली असते. मुरब्याचा भगवंत तांडेल पावसाळ्याची बंदी सोडून तिथं जातो. गळानं गोबरा धरतो. त्याच्या आधी त्याचा बाप जायचा. झालं?

मोनाली : झालं. बाबा, दादाचं लिहू?

भगवंत : नको. त्याचा काय संबंध? वापर तेवढा लिवायचाय.

साखरबाई : लिव. तोबी त्या जागेवर कामालाच गेला होता. फिरायला नव्हता गेला. कामावरच्या मानसाचं नाव लागतं कागदाला.

भगवंत : मग सांग तू. माझ्यानं नाय होनार.

साखरबाई : ‘त्याचा मुलगा धीरज याच जागेवर जाळं सोडवताना गेला. तरी आमी ती जागा सोडलेली नाय.’ एवढंच. जास्त नको. आन खाली लिव, हा मासा साखरबाई बोईसरच्या बाजारात विकते.

मोनाली : लिहिलं. आता आज्ञा देते. लाल झाली बॅटरी. मांड. बांध. बांध ना रे बाबा, आता तरी नखरे करू नकोस. मांड पुन्हा.

भगवंत : आलं काय?

मोनाली : थांबा.

भगवंत : मोना?

मोनाली : आलं. सगळ्यात वर आलंय.

भगवंत : वर कसं? शेवटी सांगितलं ना आपन?

मोनाली : नाव ‘आ’ने सुरू होतं ना, म्हणून. ‘आंधळी : कुठल्याच ओहोटीला डोकं वर न काढणारी खडप. पान तीन.’ दादाचं वाक्य तसंच आलंय, बाबा. त्याच्या शब्दांत.

भगवंत : बघू दे. आकडा कुठला? हा? ... तीन. बरं.

मोनाली : पेनड्राइव्हवर घेते आधी, बंद पडायच्या आत. घेतलं. आई, तुझी सही मागच्या पानावर, इथे. बाबा, तुम्ही चपला घाला. जिवल्याकाका रिक्षा ठरवून नाक्यावर उभे आहेत, त्यांना म्हणते, आधी बोईसर, मग कोळगाव. पोचलो तर पोचलो.

साखरबाई : पोचाल. जिवल्याला वाटेत वाचून दाखव, काय लिवलंय ते. त्याचंबी तोंड मोकळं होऊ दे.

भगवंत : ते लोकं हे वाचूनबी भिंत बांधतील काय गो?

मोनाली : ठाऊक नाही, बाबा. पण रिकामं होतं असं नाही म्हणता येणार त्यांना.

भगवंत : हां. चल.

साखरबाई : कालवण झाकून ठेवते. कितीबी उशीर झाला तरी घरीच जेवायला या, बाहेर वडापाव खाऊन पोट भरू नका.

भगवंत : येतो. कसलं म्हटलीस कालवण?

साखरबाई : गोबऱ्याचं.

भगवंत : कुठला?

साखरबाई : आंधळीचा. तिघांना पुरेल.